तिसऱ्या पानापर्यंत थांबावे

ह्या पत्रिकेतून आपण सणवार, लग्नकार्ये, समाजाच्या सभा आणि दुःखद निधने ह्यांचे वृत्तांत वाचत असतो. तेथे एका रोपट्यासाठी एवढी जागा अडविणे काही वाचकांना चैनीचे वाटेल. तरीही ज्या घरांत नातवंडे आहेत आणि ज्यांच्या मिर्पेसेतवर निदान दोन कुंड्या आहेत, त्या घरांपुढे मला एक आग्रह मांडावयाचा आहे. मुलांच्या हातून मॉर्निंग ग्लोरीचे बी पेरून घ्यावे, उगवलेल्या अंकुराची ओळख मुलांनाच पटवू द्यावी, आणि अंकुराला दोन दलिकांच्या मधून तिसरे पान फुटेपर्यंत कोणाही मोठ्या माणसाने, मग तो शिक्षक का असेना, त्याला उपटू नये. माझ्या स्वतःच्या हातून जी चूक झाली, तिच्यातून हा आग्रह आला आहे. म्हणून प्रथम ती चूकच सांगते.

२०१९ च्या वसंतातली गोष्ट. अश्दोदमधील ज्या शाळेत मी शिकवीत होते, तेथे किता गिमेलच्या मुलांना अंगणातला एक लांबट वाफा दिलेला होता. आपल्याच समाजातील एका आजीबाईंनी नातवाबरोबर वर्तमानपत्राच्या पुडीत काही बिया पाठविल्या. पुष्कळ वर्षांपूर्वी येथल्या एका मिश्तालातून त्यांनी एक पाकीट आणले होते आणि तेव्हापासून दरवर्षी आपल्या मिर्पेसेतवर त्या वेल चढवीत व बी धरून ठेवीत. नातवाने पेसाहच्या सुटीनंतर त्यांतील अकरा बिया पेरल्या. त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, मुले घरी गेल्यावर, मी वाफा साफ करावयास घेतला, कारण रविवारी पालकांची भेट ठरलेली होती. हिवाळाभर त्या वाफ्यात हर्दाल म्हणजे रानमोहरी आणि हुबेझा माजलेली होती. जोडीजोडीने उगवलेली, टोकाला खाच असलेली हिरवी पाने पाहून मी मनाशी म्हटले की तेच तण पुन्हा आले. दहा मिनिटांत वाफा स्वच्छ झाला. मला समाधानही वाटले.

रविवारी आजीबाई नातवाचा हात धरून आल्या. कोपऱ्यात टाकलेल्या ढिगाऱ्यातून त्यांनी एक सुकलेला अंकुर उचलला, तो तळहातावर पसरला आणि म्हणाल्या, “बाई, हे तण नव्हे हो. ही माझीच आहेत. पान बघा ना, फुलपाखरासारखं.” मुलगा काही बोलला नाही. त्याच्या हातात चित्रवही होती. तीत अंकुर जमिनीवर आल्यापासूनची चार दिवसांची चार चित्रे होती, आणि पाचव्या पानावर नुसती तारीख घातलेली होती.

मी माफी मागितली. मुलांपुढे मागितली, कारण चूक त्यांच्या वाफ्यात झाली होती. आजीबाईंच्या डब्यात सात बिया उरल्या होत्या; त्या त्यांनी दिल्या. ह्या वेळी मुलाने माझी मदत घेतली नाही. पेरून झाल्यावर त्याने वाफ्यात एक पाटी रोवली. वर त्याच्या हाताने हिब्रूत लिहिले होते, आणि खाली आजीच्या हाताने मराठीत: ‘उपटू नये’. त्या शाळेत मराठी वाचू शकणारी मी एकटीच होते.

आता मुद्द्याकडे वळू. बी रुजल्यावर प्रथम जी पानांची जोडी वर येते, ती खरी पाने नव्हेत. त्या दलिका, शालेय पुस्तकांत त्यांना बीजपत्रे म्हणतात. त्या बीच्या आतच घडी घालून तयार असतात. त्यांचे काम पहिले काही दिवस रोपाला पोसण्याचे असते आणि काही आठवड्यांनी त्या पिवळ्या पडून गळतात. एकमेकांशी काडीचे नाते नसलेल्या वनस्पतींच्याही दलिका सारख्या दिसू शकतात, आणि एकाच कुळातल्या सख्ख्या बहिणींच्या अगदी वेगळ्या असू शकतात. वनस्पतीची स्वतःची ठेवण दाखविणारे पहिले पान दोन दलिकांच्या मधून येते. तेच हे तिसरे पान. हे सगळे मी फळ्यावर रंगीत खडूंनी कितीदा तरी शिकविले होते. फळ्यावरचे ज्ञान वाफ्यापर्यंत पोहोचले नाही, इतकेच.

मॉर्निंग ग्लोरीच्या नेहमीच्या जातीची दलिका रुंद, जवळजवळ चौकोनी असते आणि तिच्या टोकाला मधोमध खाच असते. एकेक दलिका पाहिली तर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी वाटते. आजीबाईंचे वर्णन कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून चांगले होते. शिरा स्पष्ट दिसतात, आणि खालचा कोवळा दांडा पुष्कळदा लालसर असतो. मोहरीच्या दलिकेलाही खाच असते, म्हणूनच मी फसले. परंतु ती आकाराने लहान, मूत्रपिंडासारखी गोलसर असते, आणि पान चुरडले तर नाकाला झोंबणारा मोहरीचा वास येतो. हुबेझाची दलिका बदामाच्या आकाराची. शिवाय मी ऋतूचाही विचार करावयास हवा होता. ह्या देशात मोहरी आणि हुबेझा पहिल्या पावसाबरोबर उगवतात. पेसाह उलटेपर्यंत त्या बी धरून वाळू लागतात. एप्रिल-मेमध्ये, नळाच्या पाण्यावर, ऊब धरून जे वर येते, ते बहुधा कोणीतरी पेरलेले तरी असते किंवा उन्हाळ्याचे तण तरी असते.

उन्हाळ्याच्या तणांतले एक तर मॉर्निंग ग्लोरीचे जवळचे नातेवाईकच आहे, आणि खरी परीक्षा तेथेच होते. देशावरचे शेतकरी जिला चांदवेल म्हणतात, येथे जिला शेतातली हवल्बाल म्हणतात, ती ही. फूल लहान, पांढरे किंवा फिकट गुलाबी, नरसाळ्यासारखे. दिसावयास मॉर्निंग ग्लोरीची धाकटी बहीण. पण एकदा जमिनीत शिरली की तिला काढणे कठीण. मुळे कित्येक मीटर खोल जातात, आणि ओढल्यावर जो तुकडा आत राहतो त्यातून नवा कोंब फुटतो. बियाही अनेक दशके मातीत जिवंत राहतात. तिच्या दलिकेला टोकाशी अगदी उथळ खाच असते. तिसरे पान मात्र बाणाच्या टोकासारखे, देठाकडे दोन कोपरे काढलेले. मॉर्निंग ग्लोरीचे तिसरे पान हृदयाकृती, नाही तर तीन खंडांचे. एक खूण मुलांनीच मला शोधून दिली. हवल्बालचे पुष्कळसे कोंब बीतून येतच नाहीत, जुन्या मुळातून येतात. त्यामुळे त्यांना दलिकाच नसतात, एकदम खरी पाने घेऊनच ते वर येतात. तेव्हा दलिकांची जोडी दिसली तर थांबावे. जोडीवाचून पाने दिसली, आणि बोटाने माती उकरल्यावर खाली पांढरी दोरी लागली, तर खुशाल उपटावे. ‘हेवेल’ म्हणजे दोर, हे आपण सारे जाणतो. नाव ठेवणाऱ्याने बरोबर ठेवले आहे.

मॉर्निंग ग्लोरीला हिब्रूत लेफूफीत म्हणतात. गुंडाळणे ह्या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला. त्याच धातूचे अरबी भावंड आपल्या मराठीत फार पूर्वी येऊन बसले आहे, ते म्हणजे लिफाफा. मला ह्या शोधाचा एवढा आनंद झाला होता की मी तो वर्गात सांगितला. मुलांना लिफाफा म्हणजे काय हेच माहीत नव्हते, कारण त्यांच्या घरी आता पत्रे येत नाहीत.

ह्या कुळातील इतर मंडळींची ओळख आपल्या वाचकांना नवी नाही, फक्त ती एका घरातली आहेत हे कदाचित ठाऊक नसेल. रताळे त्यांतलेच, येथला बटाटा नव्हे, बताता. कोकणातल्या अंगणात कुडाच्या कुंपणावर चढणारी, लाल चांदण्यांसारख्या फुलांची गणेशवेल त्यांतलीच. तिच्या दलिका पाहून तर कोणी सहसा फसणार नाही: प्रत्येक दलिका दोन लांब, अरुंद बोटांत चिरलेली, आणि तिसरे पान पिसासारखे कातरलेले. जुलाबासाठी ज्याच्या बिया आपल्या आज्या जपून वापरीत, तो काळादाणाही मॉर्निंग ग्लोरीच. त्याची पाने तीन खंडांची आणि लवदार असतात. मिश्तालात ‘हेवनली ब्लू’ ह्या नावाने जे आकाशी निळे फूल मिळते, त्याच्या वेलाची पाने हृदयाकृती पण गुळगुळीत असतात, त्यांना लव नसते. आणि अलिबाग, नागाव, नवगावच्या किनाऱ्यावर लहानपणी जिच्यावरून आपण अनवाणी धावलो, ती जांभळ्या फुलांची मर्यादवेल. गंमत अशी की मर्यादवेलीचे मोठे, पूर्ण वाढलेले पान तिच्या बहिणीच्या दलिकेसारखेच मधोमध खाचेचे असते. येथल्या समुद्रकाठच्या वाळूतही तिची पांढऱ्या फुलांची एक बहीण आढळते. तिला मात्र हात लावू नये, बीसुद्धा घेऊ नये. किनाऱ्यांवर इमारती उठत गेल्या तशी तिची जागा आटत चालली आहे.

येथे एक सूचना करते. आपल्या गावांत कित्येक कुंपणांवर निळ्या-जांभळ्या फुलांचा जो दाट वेल दिसतो, त्याखाली बी शोधत बसू नये. ती जात लागवडीत सहसा बी धरीत नाही. ती फांदीपासून लावतात. एका आजोबांनी नातीसाठी त्या वेलाखाली दोन शनिवार घालविले होते, असे त्यांनी मला सांगितले.

आता ओळख पटविण्याच्या पद्धतीविषयी. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी रायगड जिल्ह्यातील एका अध्यापक विद्यालयात मी शिकत होते. तेथे पाठ टाचण लिहिताना एक सूत्र आमच्या डोक्यात हातोड्याने ठोकल्यासारखे ठोकले गेले: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. आम्ही त्याची थट्टा करीत असू. वाफ्यातल्या प्रकरणानंतर मात्र त्या सूत्राचा उपयोग मला प्रथमच खरा कळला. चित्रावरून अंकुर ओळखणे अवघड जाते, कारण चित्रातले रोप नेहमी निरोगी आणि एकटे असते. म्हणून आता आम्ही ज्या दिवशी वाफ्यात बी टाकतो, त्याच दिवशी त्याच पुडीतले दोन-तीन दाणे एका लहान कुंडीत, चाळलेल्या स्वच्छ मातीत टाकतो आणि कुंडीवर नाव व तारीख लिहितो. तिला मुले साक्षी कुंडी म्हणतात. कुंडीत काय उगवले आहे हे आपणांस ठाऊक असते. वाफ्यात काहीही वर आले की मुले कुंडी उचलून त्याच्याशेजारी नेऊन ठेवतात आणि ताडून पाहतात. सारखे दिसले तर तेथे काडी खोचतात. वेगळे दिसले तरी लगेच उपटीत नाहीत. तिसऱ्या पानापर्यंत थांबतात. हा विलंब फार तर आठ-दहा दिवसांचा असतो, आणि तेवढ्यात कोणतेही तण वाफा गिळून टाकीत नाही.

ह्यावर एक आक्षेप घेता येतो, आणि तो मी स्वतःच घेते. जपानात मॉर्निंग ग्लोरीला आसागाओ म्हणतात. प्राचीन काळी ती चीनमधून औषधी बी म्हणून तेथे गेली, आणि एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, तिच्या चित्रविचित्र जातींचे वेड लागले. चिरलेल्या पाकळ्यांची, पिळलेल्या पानांची, फूल आहे की पीस असा संभ्रम पाडणारी रोपे तयार झाली. त्यांतील सर्वांत मौल्यवान रोपे बी धरीत नसत. त्यांच्या भावंडांचे बी पेरून, शेकडो अंकुरांतून हवे ते निवडावे लागे. ही निवड तेथले जाणकार दलिकांवरूनच करीत, आणि आजही करतात. मग माझ्या तिसऱ्या पानाचे काय? माझे उत्तर असे की, त्या माणसांना आपण काय पेरले आहे, त्याचे आईबाप कोणते, आजीआजोबा कोणते, हे सारे ठाऊक असे. अपरिचित वाफ्यात शिरून त्यांनी निवाडा केला नाही. मी केला.

त्याच जपानात आजही प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्गातली मुले प्रत्येकी एका कुंडीत आसागाओ पेरतात, पाणी घालतात, चित्रे काढतात, आणि शेवटी बी गोळा करतात. आपल्याकडे काय चालते? ओल्या कापसावर चवळीचा किंवा वालाचा दाणा ठेवायचा, आठ दिवसांत मोड आणि दोन पाने पाहायची, ‘रुजणे’ ह्या मथळ्याखाली टिपण लिहायचे, आणि कापसासकट सारे केराच्या डब्यात. रायगडमध्ये मी हे केले आणि अश्दोदमध्येही केले. ह्या बाबतीत दोन्ही देशांत मला फरक दिसला नाही. ज्या क्षणी रोप ओळखू येऊ लागते, त्याच क्षणी आपण ते फेकून देतो. बीपासून पुन्हा बीपर्यंतचा फेरा एकाही मुलाला पाहावयास मिळत नाही. मॉर्निंग ग्लोरी तो फेरा एका उन्हाळ्यात पुरा करते, आणि मूल कंटाळण्याच्या आत प्रत्येक आठवड्याला काही नवे दाखविते. चार्ल्स डार्विननेही ह्याच वेलावर दहा पिढ्या प्रयोग केले. एकाच वेळी रुजलेल्या अंकुरांच्या जोड्या त्याने एका कुंडीच्या दोन बाजूंना लावल्या आणि त्यांची उंची मोजीत राहिला. परक्या परागाने झालेल्या बीची रोपे स्वपरागाच्या रोपांहून सरासरीने उंच निघाली. पण सहाव्या पिढीत स्वपरागाचे एक रोप आपल्या जोडीदाराला मागे टाकून पुढे गेले, तेव्हा डार्विनने त्याचे नाव ‘हीरो’ ठेवले. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे सारे नमूद आहे. मोजपट्टी, कुंडी आणि धीर, एवढेच त्याचे साहित्य होते.

पेरणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचे बी येथेच वाया जाते. येथल्या शाळांत तू बिश्वातला, म्हणजे आपण ज्या दिवशी एलियाहू हन्नाबीचा उरूस करतो त्या सुमारास, रोपे लावण्याचा उत्साह असतो. तो झाडांसाठी ठीक आहे. मॉर्निंग ग्लोरीचे बी त्या थंड, ओल्या मातीत टाकले तर कुजते. पेसाह होऊ द्यावा; रात्री पांघरुणाची गरज भासेनाशी झाली की माती तयार झाली असे समजावे. बीचे कवच टणक असते. कानशीने किंवा पॉलिश पेपरने त्याला एका बाजूस, जेथे डोळा आहे ती बाजू सोडून, हलकेच घासावे आणि रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे. सकाळी जे फुगून दुप्पट झाले असतील ते पेरावे; जे तसेच राहिले असतील ते पुन्हा घासावे. दिवसाहून अधिक काळ पाण्यात ठेवू नये. पेरणी साधारण सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल. उबदार मातीत पाच ते दहा दिवसांत अंकुर वाकलेल्या मानेने वर येतो.

ह्या वेळी मुलांवर विशेष लक्ष ठेवावे लागते. पुष्कळदा बीचे काळे कवच टोपीसारखे दलिकांवर अडकून राहते, आणि मुलांना ते ओढून काढण्याचा मोह होतो. ओढले की आतली दलिका फाटते. टोपीवर सकाळ-संध्याकाळ पाण्याचा थेंब सोडावा; एक-दोन दिवसांत ती आपण होऊन गळते. ह्या वेलाच्या मुळांना हलविलेले सोसत नाही, म्हणून जेथे वाढवायचे तेथेच पेरावे, नाहीतर कागदाच्या नळीत पेरून नळीसकट लावावे. समुद्राजवळच्या गावांत गोगलगायी एका रात्रीत सगळ्या दलिका फस्त करतात. संध्याकाळी विजेरी घेऊन त्यांना वेचणे हा मुलांचा आवडता उद्योग आहे. दिमोना, बेर शेवा, येरुहाम येथल्या बंधुभगिनींनी कुंडीला दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा पाहावी, आणि हमसीनच्या दिवशी पहाटे पाणी घालावे. खताची घाई करू नये. भरपूर खत घातलेला वेल पानांनी भिंत झाकतो आणि फुलांच्या नावाने ठणठणाट. चार-पाच पाने झाली की शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरू लागतो. तेव्हा सुतळी बांधावी. वरून पाहिले तर तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने वळतो. आमच्या वर्गातल्या एका मुलीने त्याला सुलट गुंडाळून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी शेंडा सुटून पुन्हा आपल्या वाटेने गेलेला दिसला. तिने हा प्रयोग तीनदा केला.

२०२० साली मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा हा सारा कारभार घरांतल्या मिर्पेसेतवर गेला. मुले मला अंकुरांची छायाचित्रे पाठवीत आणि मी साक्षी कुंडीचे छायाचित्र मागे. एकाची मॉर्निंग ग्लोरी मुळा निघाली. दोघांकडे बाजारच्या मातीबरोबर आलेली हवल्बाल होती. एका घरी आई, मुलगा आणि आजोबा ह्यांच्यात आठ दिवस वाद चालला होता, आणि तिसरे पान आल्यावर आजोबांनी पैज हरल्याचे मला फोनवर स्वतः कळविले. ज्या घरांत एकमेकांशी बोलावयास विषय उरला नव्हता, तेथे एवढे तरी झाले. २०२१-२२ हे शेमिताचे वर्ष होते. त्या वर्षी आम्ही वाफ्यात काही पेरले नाही. बी कागदी पुडीत, कोरड्या डब्यात पडून राहिले आणि पुढच्या वसंतात नेहमीसारखे उगवले.

पालकांच्या दोन शंका वारंवार येतात. पहिली, हे बी विषारी आहे का? खाल्ले तर अपायकारक आहे, यात संशय नाही. काही जातींच्या बियांत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि काळादाण्याचा जुलाब तर प्रसिद्धच आहे. म्हणून मी बिया मोजून देते, मोजून परत घेते आणि पेरल्यावर हात धुवावयास लावते. अगदी तान्ही मुले असलेल्या घरी डबा उंचावर असावा. दुसरी शंका अशी की, हा वेल रानभर पसरेल. ती रास्त आहे. उष्ण प्रदेशांत ह्या कुळातल्या काही जाती शेतांत आणि ओढ्याकाठी उपद्रवी ठरल्या आहेत. कुंडीत लावावा, आणि बोंडे वाळून फुटण्यापूर्वी काढून घ्यावीत, म्हणजे प्रश्न उरत नाही.

तिसरी गोष्ट शंका नव्हे, सवय आहे, आणि तिच्याविषयी लिहिले की काही वाचक माझ्यावर रुष्ट होतील. आपण भारतातून परतताना बॅगेत कपड्यांच्या घड्यांत बियांच्या पुड्या आणतो. गणेशवेल, अबोली, दुधी, काय वाटेल ते. माझ्याही बॅगेतून एकदा आल्या आहेत. परवान्यावाचून बी आणणे येथल्या कायद्यास मंजूर नाही, आणि त्यामागचे कारण खरे आहे: बीबरोबर रोग, कीड आणि अनोळखी तण येते. माहेरच्या अंगणाची ओढ मला समजते. पण शेजारच्या मोशावातील शेतकऱ्याने त्याची किंमत का मोजावी? मिश्तालात रीतसर मिळणाऱ्या पाकिटातली मॉर्निंग ग्लोरी पहाटे तितकीच उमलते. ‘हेवनली ब्लू’ची कळी लालसर जांभळी असते आणि फूल उघडताना निळे होते, पाकळीच्या पेशींतला रस आम्लतेकडून अल्कतेकडे सरकतो म्हणून हा रंगबदल होतो, असे जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ साली मोजून दाखविले. मुलांना हे पाहावयाचे असेल तर सूर्योदयापूर्वी उठावे लागते. माझ्या अनुभवाने, सुटीच्या दिवशीही ती ह्या एका कारणासाठी उठतात. दुपारपर्यंत फूल मिटून जाते.

त्या मुलाच्या सातांपैकी चार बिया उगवल्या. उशिरा पेरल्या असल्या तरी दिवस लहान होऊ लागले तसे, सुक्कोतच्या सुमारास, वेलांना चांगला बहर आला. बोंड वाळून तपकिरी झाले की आत तीन कप्पे असतात आणि प्रत्येकात बहुधा दोन दाणे. चार वेलांची बोंडे मोजून मुलाने अर्धे बी आजीला परत केले, अर्धे वर्गाला दिले, आणि दोन दाणे न सांगता माझ्या टेबलावर ठेवले. तो मुलगा आता मोठा झाला आहे, त्याला वेल पाहावयास सवड नाही. पाटी अजून शाळेच्या पडवीत आहे. उन्हाने हिब्रू अक्षरे पुसट झाली आहेत, मराठी शाई अधिक टिकली.

ह्या वर्षीचे बी बरेच जमले आहे. ज्या कुटुंबांना हवे असेल त्यांनी संपादकांकडे तिकीट लावलेला लिफाफा पाठवावा. प्रत्येकास सात दाणे मिळतील: चार वाफ्यासाठी, तीन साक्षी कुंडीसाठी.